जें नाहीं त्याचें चित्र

आमच्या थोरल्या बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन गेल्या मार्गशीर्षांत झालें. त्या निमित्त त्यांस काय द्यावें याचा खल घरांत महिना-दीड महिना आधींपासून चालला होता. शाल झाली, चांदीचें निरांजन झालें. माझी नात पुण्यास ॲनिमेशनचें, म्हणजे चालत्याबोलत्या चित्रांचें, शिक्षण घेते. ती रात्रीं पानावर बसली असतां एकाएकीं म्हणाली, "आजोबा, मी मोठ्या आजोबांना वाईचें घर देतें."

सगळी पंगत गप्प झाली. वाईचें घर आतां नाहीं. 2016 सालीं तें विकलें आणि पुढच्याच वर्षीं घेणारानें तें पाडलें. विक्रीच्या कागदावर पहिली सही माझी होती, शेवटची अण्णांची. घराच्या तुळया वाळवीनें पोखरल्या होत्या, दुरुस्तीस पैसा कोणाजवळहि नव्हता, आणि राहावयास कोणी जाणार नव्हतें. माझें म्हणणें व्यवहारास धरून होतें असें मला आजहि वाटतें. परंतु त्या दिवसापासून अण्णांनीं त्या घराचें नांव तोंडांतून काढलेलें नाहीं. आमचें बोलणें बंद झालें असें नव्हे. प्रकृतीची चौकशी होते, सणावारीं जाणेंयेणें होतें. पण बोलतां बोलतां वाईचा विषय जवळ आला कीं दोघेहि वळसा घालून पुढें जातों.

सूनबाई म्हणाल्या, "नको ग बाई. झांकलें आहे तें झांकलेलेंच बरें." मीहि मनांतून त्यांच्याच पक्षाचा होतों. मुलीनें कोणाचेंच ऐकलें नाहीं.

या सदरांत घरगुती गोष्टी लिहिण्याचा माझा प्रघात नाहीं हें नित्याच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु या खटाटोपाच्या निमित्तानें एक नवी विद्या मला जवळून पाहावयास मिळाली. आपल्या घरोघरचीं मुलें आज ती शिकत आहेत, आणि वडील मंडळी दाराशीं उभी राहून "अजून झोपली नाहींस का?" एवढेंच विचारीत आहेत. मीहि त्यांतलाच एक होतों.

ज्या साधनावर ही मुलगी काम करते त्याचें नांव ब्लेंडर. टोन रूझेंडाल नांवाच्या एका डच गृहस्थानें 1994 सालीं त्याचा आरंभ केला. पुढें तें बंद पडण्याची वेळ आली तेव्हां लोकांनीं एक लाख युरो वर्गणी जमवून 2002 सालीं तें सर्वांकरितां मोकळें करून घेतलें. म्हणून आज तें कोणासहि विनामूल्य मिळतें. त्यांत भिंत, खांब, उंबरा, जें काय बांधावयाचें त्याचें अंग लहानमोठ्या त्रिकोण-चौकोनांचें असतें. त्या अंगावर जो पोशाख चढवितात त्यास मटेरियल म्हणतात. पृष्ठभागाचा रंग कोणता, तो किती चकाकतो, किती खरखरीत आहे, हें सारें त्यांत येतें. एखाद्या वस्तूचें छायाचित्र घेऊन तेंच त्या पृष्ठावर ताणून बसवितां येतें. ही युक्ति एडविन कॅटमल यानें 1974 सालीं यूटा विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत मांडली. लांकडाच्या फळीचें चित्र बसविलें कीं साधा चौकोन फळी दिसूं लागतो.

एका जुन्या छायाचित्रावरून आणि माझ्या आठवणीवरून तिनें तीन आठवड्यांत ओसरी, माजघर आणि परसाकडील भिंत उभी केली. तेथपर्यंत सर्व सुरळीत चाललें. अडचण आली ती परसांतल्या पारिजातकाची.

पारिजातकाचें पान खरखरीत असतें, आणि त्याच्या कडा कोठें कोठें दांतेरी असतात. असें एक पान त्रिकोण जोडून हुबेहूब घडवावयाचें तर शेंसव्वाशें त्रिकोण सहज लागतात. झाडास वीस हजार पानें धरलीं तर वीस ते पंचवीस लाख त्रिकोण झाले. तिचा संगणक इतकें ओझें उचलीना. मीं म्हटलें, "पानें थोडीं कर." ती हंसून म्हणाली, "आजोबा, पानें तेवढींच ठेवतें. पानांचा आकारच काढून टाकतें."

हें वाक्य मला त्या वेळीं समजलें नाहीं. तिनें शेजारच्या वाड्यांतून पारिजातकाची एक डहाळी आणली, चांगलें एक पान निवडलें आणि त्याचें चित्र उतरून घेतलें. तें चित्र तिनें एका साध्या चौकोनावर बसविलें. चौकोन म्हणजे दोनच त्रिकोण. वीस हजार पानांस चाळीस हजार पुरे. परंतु चौकोनावर पान दिसतें तसाच पानाभोंवतींचा पांढरा कागदहि दिसतो. झाडाला कोणी पत्त्यांचे जोड टांगून ठेवावेत तसें तें ध्यान दिसत होतें.

मग तिनें दुसरें एक चित्र केलें. आकार त्याच पानाचा, पण रंग दोनच: जेथें पान आहे तेथें स्वच्छ पांढरें, जेथें पान नाहीं तेथें निखळ काळें. हें चित्र तिनें मटेरियलच्या अल्फा नांवाच्या खांचेला जोडलें, आणि भोंवतालचा कागद नाहींसा झाला. चौकोन जागच्या जागींच होता. फक्त काळ्या भागांतून पलीकडचें दिसूं लागलें. या दुसऱ्या चित्रास ट्रान्सपरन्सी मॅप म्हणतात. मॅप म्हणजे येथें भूगोलांतला नकाशा नव्हे. चित्रावरील कोणता बिंदु वस्तूच्या कोणत्या बिंदूवर बसावयाचा याची ती लावणी आहे. रांगोळीचा भोकें पाडलेला पत्र्याचा छापा ज्या घरांत आहे तेथील बायकांस हें समजाविण्याची गरज नाहीं. भुकटी कोठें पडावी आणि कोठें पडूं नये, हें पत्रा ठरवितो. पत्र्याला स्वतःला रांगोळींत स्थान नसतें.

काळें आणि पांढरें हीं दोन टोंकें झालीं. त्यांच्यामध्यें करड्या रंगाच्या पायऱ्या असतात. सामान्य चित्रांत 0 पासून 255 पर्यंत पायऱ्या मोजतात. अल्फा हें नांव ज्या गणितांतून आलें तें आपल्या मिश्रणाच्या हिशेबाहून निराळें नाहीं. समजा, अल्फा पाऊण आहे, पुढच्या वस्तूचा हिरवेपणा 200 आहे आणि मागच्या भिंतीचा 40. पुढच्याचे तीन चतुर्थांश 150, मागच्याचा एक चतुर्थांश 10; डोळ्यास दिसेल तो हिरवेपणा 160. रंगाबरोबरच ही चवथी संख्याहि चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशीं बाळगावी, ही कल्पना कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनीं 1977 च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत काढली. टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनीं 1984 सालीं तिचें सारें गणित व्यवस्थित मांडून दिलें. ही चवथी संख्या पीएनजी प्रकारच्या चित्रांत राहते, नेहमींच्या जेपेग चित्रांत राहत नाहीं. जेपेग घेतलें तर काळें-पांढरें चित्र वेगळें द्यावें लागतें, आणि त्याच्या कडाहि किंचित् कुरतडल्यासारख्या होतात.

येथें एक गोंधळ सांगून ठेवतों, कारण आमची एक संध्याकाळ त्यांत गेली. पांढरें म्हणजे दिसणारें हा ब्लेंडरचा संकेत आहे. माया नांवाच्या दुसऱ्या साधनांत ट्रान्सपरन्सी या खांचेला पांढरें दिलें तर वस्तु नाहींशी होते, काळें दिलें तर दिसते. तेथें मोजतात ती पारदर्शकता, येथें मोजतात तें असणें. नातीनें मायाकरितां लिहिलेली एक माहिती वाचून तीच येथें लावली, आणि चौकोन दिसूं लागले तर पानें गेलीं! दोन्ही संकेत आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत; पण विद्यार्थ्याचे हाल होतात.

'पारदर्शक' हा शब्दच मला प्रथमपासून खटकत होता. स्फटिक पारदर्शक, पाणी पारदर्शक. कांचेंतून पलीकडचें दिसतें, परंतु कांच तेथें असते. ती किरणाला वांकविते, तिच्यावर दिव्याचें प्रतिबिंब पडतें. पाण्यानें प्रकाश किती वांकतो त्याचा अंक 1.33, साध्या कांचेचा सुमारें 1.5. अल्फा शून्य केलेल्या जागीं यांतलें कांहींच नाहीं. किरण सरळ निघून जातो, चकाकीहि राहत नाहीं. म्हणून खिडकीची तावदानें अर्ध्या अल्फानें करूं पाहणारास कांच मिळत नाहीं, विरलेली मलमल मिळते. कांचेला ब्लेंडरमध्यें ट्रान्समिशन नांवाची निराळी खांच आहे. मीं नातीस म्हटलें कीं, या काळ्या जागेस पारदर्शक म्हणूं नये. तेथें पानाचा अभाव आहे.

तर्कसंग्रह शिकलेल्या माणसाला हें सुचणें स्वाभाविक आहे. आपल्या नैयायिकांनीं अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. जमिनीवर घट नाहीं, हें आपणांस जें कळतें तेंहि एक ज्ञानच आहे, आणि त्याला विषय पाहिजे. मात्र नुसता अभाव कधीं असत नाहीं. तो कशाचा तरी असतो, आणि ज्याचा असतो त्यास प्रतियोगी म्हणतात. त्या काळ्या चित्रांतहि तसेंच आहे. पानाची कड नेमकी ठाऊक असल्याशिवाय पानाचें नसणें रंगवितां येत नाहीं. नातीनें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, अभाव किती प्रकारचे?" मीं चार सांगितले. घडण्यापूर्वीं घट नसतो तो प्रागभाव, त्याला आरंभ नाहीं पण अंत आहे. घट फुटल्यावर जो अभाव होतो तो प्रध्वंसाभाव, त्याला आरंभ आहे पण अंत नाहीं. येथपर्यंत आल्यावर मला पुढचे दोन घाईघाईनें सांगावे लागले. पडद्यावर वाईची ओसरी उघडी होती.

झाड झालें म्हणून आम्ही निश्चिंत झालों, तों दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझें लक्ष अंगणाकडे गेलें. झाड पानांचें होतें, आणि सावली पत्र्याच्या तुकड्यांची! जमिनीवर सगळे चौकोनच चौकोन पडले होते. धुरावरून अग्नि ओळखावा तसा त्या सावलीवरून झाडाचा खोटेपणा उघड होत होता. नातीला तें दिसलें नव्हतें, कारण ती झाडाकडे पाहत होती. शोध केल्यावर उलगडा झाला. तिच्याजवळची ब्लेंडरची आवृत्ति जुनी. तिच्यांत ईव्ही नांवाची जी झटपट चित्र काढणारी यंत्रणा आहे तिला वस्तु कशी दिसावी हें एका ठिकाणीं सांगावें लागतें आणि सावली कशी पडावी हें दुसऱ्या ठिकाणीं. पहिली कळ तिनें फिरविली होती, दुसरी राहिली होती; म्हणून डोळ्याला भोंक दिसत होतें आणि सूर्याला अखंड पत्रा. 2024 सालच्या 4.2 या आवृत्तीपासून ही मांडणी बदलली आहे असें ती सांगते.

दुसरा दोष बारीक होता. प्रत्येक पानाला पांढुरकी किनार दिसत होती, जणूं कोणी गोट लावला आहे. पानाच्या कडेवरचा बिंदु धड पानाचाहि नसतो आणि कागदाचाहि नसतो. त्यांत कागदाचा पांढरेपणा मिसळलेला असतो, तो बाहेर डोकावतो. यावर उपाय म्हणजे रंगीत चित्रांत पानाचा हिरवा रंग कडेपलीकडे थोडा पसरून ठेवावयाचा. कोठें कापावयाचें तें काळें-पांढरें चित्र ठरवीलच. शिंपी शिवणीकरितां कापड जास्त सोडतो, तसेंच हें.

शेवटीं तिनें ईव्ही सोडून सायकल्स नांवाची यंत्रणा घेतली. ती सावकाश चालते, पण प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र करते, त्यामुळें सावल्या आपोआप खऱ्या पडतात. तेथें निराळीच गंमत झाली. झाडाच्या गाभ्यांत, पानें दाट होतीं तेथें, काळे डाग दिसूं लागले. मला वाटलें कीड लागली! किरणानें किती अदृश्य पृष्ठें ओलांडावींत याला मर्यादा घातलेली असते, आणि ती मूळची आठ आहे. आठ चौकोनांचे रिकामे कोपरे ओलांडून किरण नवव्याशीं आला कीं यंत्रणा त्याचा नाद सोडते, आणि तेथें अंधार राहतो. आठाचे बत्तीस केले आणि झाड निरोगी झालें.

परसांत दोरीवर आईचें जुनें लुगडें वाळत घालावें असें माझ्या मनांत आलें. धुऊन धुऊन विरलेलें, पलीकडची तुळस अंधुक दिसेल असें. त्याकरितां मधला करडा रंग लागला, आणि तेथेंहि ठेंच लागली. नातीनें बरोबर मधली पायरी, 128, दिली. पण लुगडें फारच झिरझिरीत आलें. रंगाच्या चित्रांतील अंक डोळ्याच्या सोयीकरितां वांकविलेले असतात, आणि तेंच गणित येथें लागलें तर 128 चा अर्थ अर्धा न राहतां पंचमांशाहून किंचित् अधिक होतो. हें चित्र रंगाचें नसून केवळ अंकांचें आहे असें संगणकास बजावून सांगावें लागतें. त्यास ब्लेंडरमध्यें नॉन-कलर म्हणतात. तें सांगितल्यावर लुगडें आईचें दिसूं लागलें. मी थोडा वेळ उठून बाहेर गेलों.

राहिली ती माजघराची जाळी. परसाकडील भिंतींत सागवानी पट्ट्यांची खिडकी होती, शंकरपाळ्याच्या आकाराच्या छिद्रांची. तीहि नातीनें एका चौकोनावरच केली: छिद्रें काळीं, पट्ट्या पांढऱ्या. या रीतीचा एक दोष कोणत्याहि हिकमतीनें जात नाहीं. चौकोनाला जाडी नसते, म्हणून बाजूनें पाहिलें कीं जाळी कागदाची ठरते. जवळून किंवा तिरकस पाहावयाचें असेल तर पट्टी न् पट्टी खरीच घडवावी. आमचें चित्र माजघरांतून समोर पाहणाराचें होतें, म्हणून निभावलें.

समारंभ झाला, मंडळी पांगली. दिवेलागणीच्या वेळीं नातीनें संगणक अण्णांच्या पुढें ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दाराशीं उभा होतों. अण्णांनीं चष्मा पुसला, पुन्हां घातला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. झाड, लुगडें, देवघराचा उंबरा, सर्व त्यांनीं पाहिलें असावें. मग बोट जाळीवर ठेवून म्हणाले, "ही अखंड कशी?"

नात गोंधळली. मला मात्र कळलें. मी नऊ वर्षांचा असतांना माझी विटी त्या जाळीवर बसून एक पट्टी तुटली होती. शिडी नेतांना आपलाच धक्का लागला, असें अण्णांनीं वडिलांना सांगितलें. ते तेव्हां नुकते नोकरीस लागलेले. पहिल्या पगारांत दुरुस्त करतों म्हणाले, आणि ती दुरुस्ती कधींच झाली नाहीं. नातीला घराचें वर्णन सांगतांना मला ही गोष्ट आठवली नव्हती. आठवली नव्हती असें मी म्हणतों.

"उजवीकडून चवथी ओळ, पोरी. खालून तिसरें छिद्र. त्याच्या वरची पट्टी नाहीं."

नातीनें काळें-पांढरें चित्र उघडलें आणि बारीक कुंचल्यानें पांढऱ्या पट्टीवर एक काळा फराटा ओढला. पुन्हां चित्र तयार होण्यास दहा-अकरा मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत चहा झाला. चित्र आलें तेव्हां जमिनीवर शंकरपाळ्यांएवढे पुष्कळ लहान कवडसे होते, आणि त्यांत एक दुप्पट मोठा.

अण्णा वांकून पाहूं लागले. "ही जागा चुकली," ते म्हणाले. "सकाळीं आठाला तो देवघराच्या उंबऱ्यावर असे. वडील पूजेला बसत तेव्हां त्यांच्या गुडघ्यावर येई." आणि मग मागें न पाहतां, "काय रे, खरें कीं नाहीं?"

मीं पुढें येऊन सांगितलें, कीं खरें आहे, सूर्य थोडा खालीं पाहिजे. नातीनें सूर्य खालीं आणला. कवडसा सरकत सरकत आंत गेला. त्यानंतर अण्णांनीं फळीवरच्या डब्यांची जागा सांगितली, खुंटीवरच्या पंचाचा रंग सांगितला, झाडाची एक फांदी न्हाणीच्या कौलांवर टेकत असे तें सांगितलें. नातीनें सर्व एका वहींत उतरून घेतलें आहे. तीं दुरुस्त्यांचीं साडेतीन पानें झालीं असून, पुढच्या रविवारीं अण्णा आणखी सांगणार आहेत.